कॉलेजचा शोध अकरावीत सुरू करा, आणि यादीतल्या नावांपासून नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षं अमेरिकेत आहे आणि तुमचा पेपर रोज ऑनलाइन वाचते. एप्रिल आला की अमक्याच्या मुलीला हार्वर्डला ॲडमिशन, तमक्याच्या मुलाला स्टॅनफर्ड अशा बातम्या फोटोसकट येतात. वाचून आनंदच होतो, पोरांनी मेहनत केलेली असते. पण त्या वाचून इथले मराठी आईबाप काय ठरवतात ते मी जवळून बघते, म्हणून हे पत्र.

मी इथल्या हायस्कूलच्या मुलांना कॉलेजचे अर्ज भरायला मदत करते, व्हॉलंटियर म्हणून, त्यात आपली मराठी मुलंही असतात, आणि जवळजवळ प्रत्येक घरात सुरुवात रँकिंगच्या पहिल्या वीस नावांपासून होते. मूल नववीत असतं आणि नावं सगळ्यांना पाठ. या देशात डिग्री देणाऱ्या साधारण ४ हजार संस्था आहेत, हार्वर्ड तर शंभर अर्जांमागे जेमतेम चार मुलं घेतं, मग सगळा जीव वीस नावांत अडकवून कसं चालेल? माझं म्हणणं एवढंच आहे की शोधाची सुरुवात मुलापासून आणि घरातल्या पैशापासून करा, नावं नंतर, आणि हे बोलणं अकरावीत होऊ द्या, बारावीच्या ऑक्टोबरात नको.

पैशाचं आधी सांगते कारण आपल्याकडे तेच सगळ्यात शेवटी निघतं. पोरांसमोर पैशाचं बोलायचं नाही अशी सवय असते, आणि मग एप्रिलमधे कॉलेजचं पत्र हातात आल्यावर बाप म्हणतो की एवढे कुठून आणू, आणि मुलगी रडते. हे आधी कळू शकतं. २०११ पासून सरकारी मदत योजनेतल्या कॉलेजांना आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यात उत्पन्न, बचत, घरात किती माणसं वगैरे भरलं की मदत वजा जाऊन तुम्हाला साधारण किती पडेल तो आकडा येतो. मागे एका घरी डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून मी, मुलगी आणि तिचे बाबा असे बसलो होतो, बाबांचं ठाम मत की प्रायव्हेट कॉलेज आपल्याला परवडणारच नाही, बघूच नको. स्टेट युनिव्हर्सिटीचा आकडा काढला, मग तिच्या आवडीच्या एका छोट्या प्रायव्हेट कॉलेजचा काढला, तर प्रायव्हेटची छापील फी जवळजवळ दुप्पट असूनही हातात येणारा आकडा कमी निघाला. बाबा म्हणाले, ताई काहीतरी चुकलंय, आणि टॅक्स रिटर्न समोर ठेवून सगळं परत पहिल्यापासून भरलं, आकडा तोच. हा नुसता अंदाज असतो, कॉलेज त्याला बांधील नसतं हे खरं, आणि प्रत्येकाचं असंच निघेल असंही नाही, काही घरांना स्टेट युनिव्हर्सिटीच स्वस्त पडते. पण न बघता काट मारणं आणि न बघता हट्ट धरणं दोन्ही थांबतं.

दुसरं, सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्म. तो एरवी १ ऑक्टोबरला उघडतो, २०२३ मधे नवीन फॉर्म अगदी डिसेंबरच्या शेवटी आला आणि पुढच्या वसंतात कॉलेजांची मदतीची पत्रंही लांबली, तेव्हा तारीख दरवर्षी बघूनच घ्या. पण महत्त्वाचं हे की त्यात टॅक्स दोन वर्षं आधीचा धरतात, म्हणजे मूल दहावीच्या मध्यावर असतं तिथपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं उत्पन्न. शेअर विकायचे असतील, कुठून मोठी रक्कम येणार असेल तर मदतीचा हिशोब त्या वर्षावर होतो हे आधी माहीत हवं की नको?

व्हिसाचा घोळ वेगळाच. मूल इथे जन्मलेलं असेल तर आईबाप एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असले तरी ते फाफ्साला पात्र आहे, मुलाचं नागरिकत्व बघतात, आईबापांचं नाही, आणि कितीतरी घरं हे माहीत नसल्यामुळे फॉर्मच भरत नाहीत. उलट मूल स्वतः एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर फेडरल म्हणजे केंद्र सरकारची मदत मिळत नाही, इन-स्टेट म्हणजे त्या राज्यातल्या रहिवाशांच्या कमी फीचे नियम राज्याराज्यात वेगळे, बरीच कॉलेजं त्याला इंटरनॅशनल विद्यार्थी धरतात, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत २१ वर्षं पूर्ण झाली तर बहुतेकांना स्वतःचा स्टुडंट व्हिसा बघावा लागतो. या मुलांच्या घरी हे बोलणं नववीतच व्हायला पाहिजे. सोळा-सतरा वर्षाच्या पोराला हे शेवटच्या वर्षी अचानक कळणं मला फार क्रूर वाटतं.

आता मूल. आपल्याकडे ॲक्टिव्हिटी म्हणजे स्पर्धा, मेडल, नॉन-प्रॉफिट काढणं असा समज झालाय. कॉमन ॲप म्हणून जो अर्ज हजाराच्या वर कॉलेजं घेतात त्यात दहा ॲक्टिव्हिटी लिहायला जागा असते आणि प्रत्येकीच्या वर्णनाला फक्त १५० कॅरेक्टर. एक मुलगा माझ्याकडे सात जागा रिकाम्या ठेवून आला. बोलता बोलता कळलं की आईची शिफ्ट असते म्हणून रोज दुपारी धाकट्या भावाला शाळेतून तोच आणतो, खायला घालतो, आजीची औषधं बघतो. मला विचारतो, काकू हे पण धरतात का? धरतात, कौटुंबिक जबाबदाऱ्या अशी कॅटेगरीच आहे त्या यादीत. आम्ही बसून ते १५० कॅरेक्टरमधे बसवलं, आणि मग ६५० शब्दांचा निबंध कशावर लिहायचा हे त्याचं त्यालाच सापडलं. तो निबंध आईबापांनी लिहू नये, पैसे देऊन लिहून तर अजिबात घेऊ नये, मुलाचा आवाज त्यातून जातो आणि दिवसाला ढीगभर निबंध वाचणाऱ्या माणसाला ते कळतं.

शाळेचा काउन्सेलर सगळं बघेल असंही धरून चालू नका. २५० मुलांमागे एक असावा अशी त्यांच्याच संघटनेची शिफारस आहे आणि देशाची सरासरी ३५० च्या वर आहे, तो बिचारा कुठे कुठे पुरणार. म्हणून शिफारसपत्रासाठी अकरावीच्या शिक्षकांना मे महिन्यातच, सुट्टी लागायच्या आत, मुलाने स्वतः जाऊन विचारावं आणि आपण वर्गात काय केलं ते एका पानावर लिहून द्यावं. सगळीकडे पत्रं लागतात असं नाही, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया सहसा मागतच नाही, एसएटी या प्रवेश परीक्षेचे मार्कही प्रवेशासाठी बघत नाही, तिथे आठातल्या चार प्रश्नांची उत्तरं लिहायची. कोण कशाला किती महत्त्व देतं ते बघायला बहुतेक कॉलेजं कॉमन डेटा सेट नावाची फाइल स्वतः प्रसिद्ध करतात, कॉलेजचं नाव टाकून शोधली की सापडते, त्यातला सी-७ तक्ता उघडा, व्हॉट्सॲपवर आलेल्या फॉरवर्डपेक्षा तो कितीतरी भरवशाचा.

अजून एक गोष्ट मनापासून लिहायची आहे, कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे कमी फीच्या, दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजची. आपल्या लोकांत ते नाव घेतलं की माणसं विषय बदलतात. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधे ठरलेले विषय ठरलेल्या मार्कांनी पूर्ण केले तर यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, सहा कॅम्पसपैकी एकाकडून ट्रान्सफरची, म्हणजे पुढची वर्षं तिथे करायची, हमी घेता येते, डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा त्यातच आहेत. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्या हमीत नाहीत, पण ट्रान्सफरने तिथेही दरवर्षी मुलं जातात. डिग्री तीच मिळते आणि पहिल्या दोन वर्षांची फी खूप वाचते. ज्या घरात पैशाची ओढाताण आहे किंवा मुलाचे नववी-दहावीचे मार्क पडलेत तिथे ही वाट लपवायची का?

आता तुमच्याकडे मागणं. एप्रिलच्या बातम्या छापा, जरूर छापा, पण सोबत त्या मुलाने यादी कशी केली, पैशाचं कसं जमवलं हेही दोन ओळी विचारा, आणि कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्सफर झालेल्या एखाद्या मराठी मुलाचाही फोटो येऊ दे. दुसरं म्हणजे वर्षातून एकदा पुरवणीत एक पानभर अकरावी आणि बारावीचं महिनावार कॅलेंडर द्या, मे मधे शिक्षकांना विचारणं, ऑक्टोबरात फाफ्सा, १ नोव्हेंबरच्या आसपासच्या लवकर अर्ज करायच्या अर्ली डेडलाइन, १ मे ची कॉलेजला उत्तर द्यायची तारीख असं सगळं. अर्ली डिसिजन नावाचा लवकरचा अर्ज बंधनकारक असतो, कॉलेजने घेतलं तर सहसा तिथेच जावं लागतं, हे त्यात ठळक छापा. इथली महाराष्ट्र मंडळं ते पान घेऊन एक संध्याकाळ पालकांना एकत्र बसवू शकतील, मी यायला तयार आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात छापलंत तर १ ऑगस्टला कॉमन ॲप नवीन वर्षासाठी उघडायच्या आत ते घरोघरी पोचेल.

आपली,
अमेरिकेतली एक मराठी वाचक