घरातली जुनी औषधे व्हाळात नकोत, आमच्याकडे द्या

साखळी परिसरातील सर्व बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

गणपतीची चवथ जवळ आली. साफसफाईला कपाट उघडले की औषधांची पिशवी निघतेच. डॉक्टरांनी गोळी बदलली म्हणून पडून राहिलेल्या स्ट्रिप, खोकल्याची अर्धी बाटली, आणि कितीतरी घरांत, देवाघरी गेलेल्या आईची किंवा वडिलांची रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे. ती टाकायला हात धजत नाही. टाकायची ठरवली, तरी कुठे टाकायची हे कोणी सांगितलेले नसते. मग ती न्हाणीत ओतली जातात, व्हाळा-ओढ्यात जातात, नाहीतर परसातल्या पाचोळ्याबरोबर जळतात.

वाळवंटी नदीचे पाणी पडोशेच्या प्रकल्पात शुद्ध होऊन आपल्या नळांना येते. तिथे गाळ खाली बसतो, क्लोरीनने जंतू मरतात. पण पाण्यात विरघळलेले औषध वेगळे काढण्यासाठी तो प्रकल्प बांधलेलाच नाही. शिवाय आपली जमीन चिऱ्याची, पाणी झिरपू देणारी. शोषखड्ड्यात गेलेले विहिरीत झिरपू शकते. आम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती अँटिबायोटिकची, म्हणजे जंतुसंसर्गावर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची. थोड्या थोड्या प्रमाणात ती माती-पाण्यात मिसळत राहिली, की जंतू त्यांना सरावतात. पुढे खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही.

2016 च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. ती वेगळी द्यायची असतात. कुंडईला जैववैद्यकीय, म्हणजे दवाखान्यांतल्या, कचऱ्याचा प्रकल्प आहे. अशा प्रकल्पांच्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापमान ठेवावे लागते. परसातल्या जाळाला ते कधीच साधणार नाही. आपल्या घरातली पिशवी तिथवर रीतसर पोचवायची, एवढेच आमच्या वाचनालयाने मनावर घेतले आहे.

त्यासाठी कुलूप लागणारी लोखंडी पेटी हवी, गाडीभाडे हवे, प्रकल्पाचे शुल्क भरायला पैसे हवेत. जमेल तेवढे द्या, पावती मागून घ्या. हिशेब वाचनालयाच्या फलकावर लावू. पैशांहूनही अधिक गरज आहे ती माणसांची. निवृत्त फार्मासिस्ट किंवा परिचारिका रविवारी सकाळी दोन तास पेटीजवळ बसल्या, तर फार मोठे काम होईल.

औषधे स्ट्रिपमध्येच असू द्या, चिठ्ठीवरचे रुग्णाचे नाव खोडा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण घट्ट लावून वेगळ्या आणा. पेटी उचलणाऱ्याच्या हाताचा विचार करा. दम्याचा पंप फोडू नका, जाळू नका.

मुदत शिल्लक असलेली औषधे गरिबांना वाटा, असे काहीजण कळकळीने सुचवतात. त्यांची भावना आम्ही जाणतो, तरी वाटणार नाही. पावसाळ्याच्या दमटपणात ती कुठे, कशी राहिली हे कोणालाच ठाऊक नसते, आणि खात्री नसलेले औषध गरिबाच्याही हाती देऊ नये.

चवथीपूर्वीच्या दोन्ही रविवारी सकाळी 10 ते 12 या वेळेत औषधे वाचनालयात आणून द्या. शेजारी वयस्क एकटे राहत असतील, तर त्यांना विचारून त्यांचीही पिशवी घेऊन या.

– वाचनालयाचे कार्यकारी मंडळ, साखळी