डोळे उघडण्याचा कुंचला

नारा (जपान), जून महिना

प्रिय कुंदा,

आज दिवसभर मी डोळेच बघत होते, आणि प्रत्येक ठिकाणी तुझी आठवण येत होती. म्हणून रात्रीच लिहायला बसले. उद्यापर्यंत थांबले तर अर्धं निसटून जाईल.

क्योतोला भाचीकडे आलेय हे तुला माहीत आहेच. तिला सुट्टी नव्हती, तेव्हा तिने नारा बघायला एक गाईड ठरवून दिली, माझ्या एकटीसाठी. साठीच्या आसपासच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांना बाईच म्हणत होते. स्टेशनवर भेटताच त्यांनी विचारलं, तुम्हाला काय बघायला आवडेल? मी म्हटलं, माझी एक मैत्रीण गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखते, तिला सांगण्याजोगं काही दाखवा. बाई क्षणभर थांबल्या. मग हातातला छापील कागद घडी घालून पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, तर मग आपण वेगळ्या वाटेने जाऊ.

पहिलं दर्शन तोदाई-जी या बौद्ध मंदिराच्या दक्षिण दरवाज्यात. दोन लाकडी द्वारपाल, प्रत्येकी आठ मीटरहून उंच. उन्केई, काईकेई हे मूर्तिकार आणि त्यांच्या माणसांनी 1203 साली ही जोडी 69 दिवसांत उभी केली. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. उघडं म्हणजे ‘अ’, मिटलेलं म्हणजे ‘हूं’, आरंभ आणि शेवट. आपल्या अक्षरांचे उच्चार त्या बाईंच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. पण तुझ्या कामाची गोष्ट पुढेच आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे पुतळे उतरवून दुरुस्त केले, तेव्हा कळलं की घडवता घडवता कारागिरांनी बुबुळांची जागा बदलली होती. एवढ्या उंचीवरची नजर खाली उभ्या माणसावर पडायला हवी, म्हणून. तू मूर्ती पाटावर ठेवतेस, मग स्वतः खाली जमिनीवर बसतेस, मान तिरकी करून बघतेस आणि पुन्हा उठतेस, ते आठवलं. माझी समजूत होती की ही तुझी सवय आहे.

मग दाईबुत्सु, महाबुद्ध. पंधरा मीटर उंचीची ब्राँझची बैठी मूर्ती, एकेक डोळाच मीटरभर लांब. देवीच्या साथीने, दुष्काळाने आणि बंडाने देश होरपळला होता, तेव्हा सम्राट शोमूने 743 साली ही मूर्ती घडवण्याची आज्ञा काढली. त्या आज्ञेत असं आहे की कुणी गवताची एक काडी, मूठभर माती घेऊन जरी मदतीला आलं, तरी त्याला येऊ द्यावं. कुंदा, मूठभर माती! बाईंनी एवढं सांगितलं आणि मला तुझ्या कारखान्यातला शाडूचा ढीग दिसायला लागला.

डोळे उघडण्याचा सोहळा 752 साली झाला. सोन्याचा मुलामा तेव्हा पुरा व्हायचाच होता, पण आधी डोळे. आणि ते कुणी उघडले? आपल्याकडच्या माणसाने. बोधिसेन नावाचा दक्षिण भारतातला भिक्षू, चीनमार्गे समुद्र ओलांडून 736 साली जपानला पोचलेला. शोमूची प्रकृती बरी नव्हती, म्हणून कुंचला बोधिसेनाच्या हाती दिला. त्याने वर चढून बुद्धाच्या डोळ्यांत बुबुळं काढली. त्या कुंचल्याला रेशमी दोरे बांधले होते. ते खालपर्यंत सोडले होते आणि जमलेल्या लोकांनी त्यांची टोकं हातात धरली होती. म्हणजे डोळा काढत होता एक माणूस, आणि दोरा धरणारा प्रत्येक जण तो काढत होता.

मी तिथेच खांबाला टेकून उभी राहिले. मागच्या वर्षी तू म्हणाली होतीस, आम्ही नुसत्या रेषा मारतो, प्राण गुरुजी आणतात, दूर्वेने डोळ्यांना तूप लावतात तेव्हा. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. इथे रेषा मारणं हाच विधी होता. ज्याच्या हातात कुंचला, त्याच्याच हातून डोळे उघडले. हे तुला सांगायचं म्हणूनच हे पत्र.

तो कुंचला अजून आहे. मंदिरामागे शोसोइन नावाचं लाकडी भांडार आहे, जमिनीपासून उंच खांबांवर उभं केलेलं. तिथल्या ठेव्यात तो कुंचला आणि निळ्या रेशमी दोऱ्याचं गुंडाळं आजवर जपलंय. दोऱ्याची लांबी जवळजवळ 200 मीटर. जूनमध्ये ते बघायला मिळत नाही. बाहेरून इमारत बघितली, कुंचल्याचं चित्र बाईंनी पुस्तकात दाखवलं. 1180 साली युद्धात मंदिर जळालं, मूर्ती पुन्हा ओतून जोडली, आणि 1185 साली निवृत्त सम्राट गो-शिराकावाने तोच चारशे वर्षांपूर्वीचा कुंचला काढून पुन्हा डोळे उघडले. 1567 साली परत आग. आत्ताचं डोकं सतराव्या शतकाच्या अखेरीचं, आत्ताचं सभागृह 1709 चं, आणि ते मूळच्यापेक्षा रुंदीला बरंच कमी.

आणखी एक ऐक. दरवर्षी 7 ऑगस्टला शंभरावर माणसं पांढऱ्या कपड्यांत, पायात गवती चपला घालून मूर्तीवर चढतात आणि वर्षाची धूळ झाडतात. त्याआधी मंत्र म्हणून मूर्तीतलं देवपण काही वेळापुरतं बाजूला काढतात, नाहीतर देवाच्या अंगावर पाय कसा ठेवायचा? मी बाईंना आपल्या उत्तरपूजेबद्दल सांगितलं. अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की त्यानंतर ती माती. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

दुपारी कासुगा देवळात गेलो. कंदिलांच्या रांगाच रांगा, दगडी आणि ब्राँझचे मिळून तीन हजारांच्या आसपास. इथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. वाटेवर हरणं, त्यांची नुकती जन्मलेली पाडसं गवतात दडलेली. शेवटी कोफुकु-जी या दुसऱ्या बौद्ध मंदिराच्या संग्रहालयात 734 सालचा असुर. होय, आपलाच असुर! तीन तोंडं, सहा हात, पण राक्षसी काही नाही, कोवळ्या मुलाचा चेहरा आणि भुवया जराशा जवळ आलेल्या. लढून लढून थकल्यावर एखाद्याला आपली चूक कळावी, तसा भाव. फक्त त्या भुवयांमुळे. तिथून माझा पाय निघेना. शेजारी काही मूर्तींना स्फटिकाचे डोळे होते. पातळ स्फटिकाच्या मागच्या बाजूने बुबुळ रंगवतात आणि आतून बसवतात, त्यामुळे नजर ओली वाटते. अप्रतिम काम, पण मला तरी असुरच आवडला.

नारा कुंचल्यांसाठी आणि शाईसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. बाई मला एका जुन्या दुकानात घेऊन गेल्या. तुझ्यासाठी मुंगसासारख्या एका प्राण्याच्या केसांचा बारीक कुंचला घेतलाय. टोक पाण्यात बुडवून बघितलं, सुईसारखं जुळतं. रंगात कसं चालेल ते तूच सांग.

मी श्रावण लागायच्या आत पेणला येते. आमच्या घरच्या मूर्तीचे डोळे तोवर राहू दे. येताना निळ्या रेशमाचा दोराही आणतेय. एक टोक कुंचल्याला बांधू, दुसरं मी धरीन, आणि तुझ्या आईलाही धरायला देऊ.

तुझी,
नंदा