परवाना टेबलागणिक नको, कामागणिक घ्या

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचे सुरक्षा अपडेट बंद केले. जिथे त्या अजून चालू आहेत, तिथून नव्या परवान्यांच्या मागण्या येणारच. मंजुरी देण्याआधी प्रत्येक मागणीवर एक शेरा मारा: या टेबलावर रोज नेमके काय काम होते? साध्या कामाला लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर पुरते.

फुकट ते सगळे चांगले, असे माझे मुळीच म्हणणे नाही. लेखा शाखेत कुणी वर्षानुवर्षे मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारे छोटे प्रोग्रॅम, रचून ठेवले असतील, तर तिथे एक्सेलच राहू द्या. ते मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतील याची खात्री नाही. पण टिपणी, पत्र, आवक-जावक, हजेरीपट? लिब्रेऑफिसमधल्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्येही एक्सेलइतक्याच, म्हणजे १०,४८,५७६ ओळी मिळतात. एवढ्या कोणत्या ग्रामपंचायतीला लागतात?

खरी अडचण फायलींच्या देवाणघेवाणीत आहे. ‘सोबतच्या एक्सेलमध्ये माहिती भरून आजच पाठवा’ असा निरोप वरून येतो. शिक्षकाच्या घरच्या लॅपटॉपवर एक्सेल नसेल, तर तो एक तर पदरमोड करतो किंवा कुणाकडून तरी ‘क्रॅक’ टाकून घेतो. चोरीच्या प्रतीची वाट आपलीच यंत्रणा दाखवते, हे जरा खटकायला हवे. तीच फाइल ओडीएफ या खुल्या फाइल-प्रकारात पाठवली तर? ते २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मानक आहे आणि वर्ड-एक्सेलही ते उघडतात. दुसरी डोकेदुखी फॉन्टची. मजकूर ‘मंगल’मध्ये टाइप केलेला असतो, लिनक्स या मोफत संगणकप्रणालीवर तो फॉन्ट नसतो, मग तक्ता पुढच्या पानावर घसरतो आणि खापर मात्र सॉफ्टवेअरवर फुटते. मुंबईच्याच ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा मोफत फॉन्ट सगळ्या कार्यालयांत बसवला, तर यातली बरीच कटकट मिटेल.

केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त (ओपन सोर्स) सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर, शिकवत आहेत. त्यामागे ‘काइट’ ही स्वतंत्र सरकारी संस्था आहे. शिक्षकांना प्रशिक्षण आणि मदत तीच देते. उलट जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने वर्षानुवर्षे लिनक्स वापरून २०१७ मध्ये विंडोजकडे परत वळायचे ठरवले. म्हणजे परवान्याचे पैसे वाचले म्हणून खर्च संपला, असे होत नाही. वाचलेल्यातला मोठा वाटा तालुक्याला अडलेले काम सोडवून देणारा माणूस नेमण्यावर घालावा लागेल. तो नसेल तर या वाटेला न गेलेलेच बरे.

नवे धोरणही लिहायला नको. केंद्राच्या २०१५ च्या धोरणानुसार ई-गव्हर्नन्सच्या निविदेत ओपन सोर्स वगळणाऱ्या पुरवठादाराने त्याचे कारण द्यायचे असते. आपल्या निविदांमध्ये अशी कारणे आली असतील, तर ती संकेतस्थळावर टाका. आणि एका जिल्हा परिषदेत वर्षभर हा प्रयोग करून पाहा; मॅक्रोवाली टेबले तेवढी वगळा.

आपला,
एक करदाता