‘याला नाही कोण म्हणेल?’ या प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

रोजगार हमी योजनेवरचा माझा निबंध विभागात सादर झाला. आपण माझे मार्गदर्शक नसतानाही त्यातल्या एका वाक्यासाठी जो वेळ दिलात, त्याचे आभार तोंडी मानून माझे समाधान होईना, म्हणून हे पत्र. ते जाहीर लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की निबंध लिहायला बसलेल्या आणखी कोणाला आपले प्रश्न उपयोगी पडावेत.

विषय ठरला होता आणि टिपणेही भरपूर होती: १९७२चा दुष्काळ, खडी फोडण्याची दुष्काळी कामे, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली योजना, १९७७चा कायदा आणि २६ जानेवारी १९७९पासून झालेली त्याची अंमलबजावणी. नव्हते ते मुख्य विधान, ज्याला आपण वर्गात थीसिस स्टेटमेंट म्हणतो. ‘रोजगार हमी योजना ग्रामीण गरिबांसाठी महत्त्वाची ठरली’ या वाक्याखाली आपण पेन्सिलीने एवढेच लिहिलेत: ‘याला नाही कोण म्हणेल?’ ‘आपला देश कृषिप्रधान आहे’ छापाच्या सुरुवातींवर वाढलेल्या आमच्या पिढीला हे कोणी विचारलेच नव्हते.

‘दुष्काळामुळे हा कायदा झाला’ या पुढच्या वाक्याला नाही म्हणता येत होते, आणि ते आपणच म्हणालात. दुष्काळ आधीही पडत, दुष्काळी कामे निघत आणि पाऊस झाला की बंद होत; मग याच वेळी, काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम देण्याचे बंधन सरकारने कायद्याने स्वतःवर का घेतले, आणि ते निभावले कशाच्या बळावर? त्या प्रश्नापायी मी १९७५चा व्यवसाय कराचा कायदा वाचला आणि विधान असे झाले: ‘१९७२च्या दुष्काळाने रोजगार हमीची गरज पटवून दिली असली, तरी दुष्काळ सरल्यावरही ती टिकली ती मुख्यतः नोकरदार व व्यावसायिकांवरील कर आणि सरकारने त्यात घालायची तेवढीच रक्कम यांतून तिला स्वतंत्र निधी मिळाल्यामुळे.’

यातल्या ‘मुख्यतः’वर आपण अडून बसलात. हा शब्द ठेवायचा तर इतर कारणे तोलून दाखवावी लागतील, असे आपले म्हणणे होते. योजनेच्या कामांतून झालेले पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरवणारे) आणि रस्ते यांचा लाभ जमीनवाल्या शेतकऱ्यांनाही होत होता, त्यामुळे गावपुढाऱ्यांना ही योजना हवीच होती, हा सर्वांत बळकट आक्षेप आपणच माझ्यापुढे ठेवलात, आणि त्याला उत्तर देता देता निबंधाचा तिसरा भाग उभा राहिला. ‘असली, तरी’च्या अलीकडचा मजकूर पहिल्या भागात गेला आणि निधीचा हिशेब दुसऱ्यात. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५च्या केंद्रीय कायद्याशी केलेली तुलना मात्र त्या वाक्यात कुठेच बसेना, म्हणून ती काढावी लागली. ती माझी लाडकी पाने होती आणि त्यांची हळहळ अजून आहे.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमका पाझर तलावांचाच मुद्दा काढला. त्यांना माझे उत्तर पुरते पटले असे वाटत नाही, पण ते वाद घालत होते तो माझ्या विधानाशी, आणि त्याचे श्रेय आपले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विद्यार्थिनी,
अर्थशास्त्र विभाग