सहा गाण्यांची ईपी अपुरी नसते

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत नव्या इंग्रजी गाण्यांवर आलेला लेख वाचला. ‘ईपी’ (चार-सहा गाण्यांचा छोटा संच) म्हणजे पुढच्या अल्बमचा नमुना, असा त्याचा सूर आहे. तो पटला नाही. ‘बॉयजिनियस’ या अमेरिकी त्रिकुटाची पहिली ईपी ऐकली, तर लेखकमहाशयांनाही तो पटायचा नाही.

ज्युलियन बेकर, फीबी ब्रिजर्स आणि लूसी डेकस या तिघी आपापल्या नावाने गाणाऱ्या. २०१८मध्ये एकत्र दौरा ठरला, त्यासाठी एखादं गाणं करावं एवढाच बेत होता. प्रत्येकीने एक तयार गाणं आणि एक अर्धवट सुचलेलं घेऊन यायचं ठरलं. लॉस एंजेलिसच्या ‘साउंड सिटी’ स्टुडिओत चार दिवसांत सहा गाणी झाली आणि ऑक्टोबरमध्ये मॅटाडोर कंपनीने ती काढली. मुखपृष्ठही खट्याळ. क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश या जुन्या रॉक त्रिकुटाच्या १९६९च्या तबकडीवर तिघे पुरुष जुन्या कोचावर बसलेले आहेत. या तिघींनी हुबेहूब तीच बैठक मारली.

मोजून बावीसेक मिनिटांचा ऐवज, पण गाण्यांचा क्रम बघा. पाचव्या गाण्याच्या शेवटी गिटार कल्ला करते (माझ्या कानाला जरा जास्तच) आणि लगेच सहाव्यात सगळा पसारा आवरून साधी गिटार आणि तीन आवाज उरतात. विषय, सततच्या दौऱ्यांचा शीण. बारा गाण्यांच्या गर्दीत ही उतरण इतकी जाणवली नसती.

आता नमुन्याचं. पूर्ण अल्बम आला तो मार्च २०२३मध्ये, म्हणजे साडेचार वर्षांनी. नमुना दाखवून गिऱ्हाइकाला इतकं कोण ताटकळत ठेवतं? ईपीतलं एकही गाणं जसंच्या तसं त्यात घेतलं नाही. उलट अल्बमच्या शेवटच्या गाण्यात ईपीतल्या एका गाण्याची चाल परत येते. तीन ग्रॅमी मिळाल्या त्या अल्बमच्या वेळी, हे कबूल. पण २०२३च्याच ऑक्टोबरमध्ये तिघींनी पुन्हा चारच गाण्यांची ईपी काढली. तेव्हा कुठला अल्बम विकायचा होता?

आपल्याकडे तर याचं नवल वाटायला नको. सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची, प्रत्येक बाजूला दोन गाणी असलेली तबकडी, म्हणजे ईपीच, मराठी घरांत कौतुकाने वाजायची. चार भावगीतं ऐकून ‘बाकीची कुठे आहेत?’ असं कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

आज आपल्याकडची पोरंही स्वतःच्या खर्चाने चार-पाच गाणी ध्वनिमुद्रित करतात, कारण तेवढंच परवडतं. पुरवणीत परीक्षणासाठी पूर्ण अल्बमच लागतो, असा नियम असेल तर तो कृपया काढून टाकावा. आणि नसेल, तर पुढच्या रविवारी एखाद्या ईपीला अर्धा रकाना द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली