साहेब, दहावीच्या आधी दाखला मिळू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,

नमस्कार. मी शिक्षिका नाही, वकील तर नाहीच, तालुक्याच्या गावात माझं टेलरिंगचं दुकान आहे. पण माझ्या पोराला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे डोकं चांगलं असूनही वाचता-लिहिताना अक्षरांचा घोळ होतो, हे आम्हाला पार नववीत कळलं, मग सवलतीचे कागद कुठे नि कसे करायचे ते धक्के खात शिकले, आणि आता आजूबाजूच्या बायका आपापली पोरं घेऊन माझ्याकडेच येतात. मशीनवर ब्लाउज कमी, फायलीच जास्त.

पोरगा एसटीचं इंजिन कसं चालतं ते तोंडानं घडाघडा सांगायचा. वहीत मात्र 'कमळ'चं 'कळम', वेलांटी भलत्याच अक्षरावर. सर म्हणायचे लक्ष नाही याचं, आणि मी त्यांचं ऐकून मारलंय त्याला, पट्टीनं. असो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता म्हणजे ऑटिझमही आहे नि आमच्या पोरांची अध्ययन अक्षमताही, डिस्लेक्सिया त्यातच येतो. कलम 17 म्हणतं दर 5 वर्षांनी शाळेतल्या पोरांचा सर्व्हे करा, परीक्षेत जादा वेळ द्या, पोर सांगेल ते उतरवणारा लेखनिक द्या, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्या. आमच्याकडे सर्व्हेला आलेलं कुणी मी तरी पाहिलं नाही. या सवलतींसाठी पोराला अक्षमता आहे असा दाखला लागतो, त्यासाठी मोठ्या शहरातल्या सरकारी हॉस्पिटलात जायचं, एक दिवस आयक्यू टेस्ट, दुसऱ्या टेस्टला पुढची तारीख, मग सहीचे डॉक्टर रजेवर, दर खेपेला आईची रोजंदारी बुडते ती वेगळीच, आणि दाखला हातात पडेपर्यंत बोर्डाचा फॉर्म भरून झालेला असतो!

मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना विशेष शिक्षकांची पदं काढायला सांगितलं, प्राथमिकला अशा 10 मुलांमागे 1, वरच्या वर्गांना 15 मागे 1. ती भरती कराच, पण तिला वेळ लागणार हे आम्हालाही कळतं. तोवर एवढं करा, आरोग्य खात्याशी बोलून महिन्यातून एक दिवस सायकॉलॉजिस्ट आणि डॉक्टर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवा, आणि आठवीतच तपासणी उरका. तीस पोरांनी आयांसकट शहरात जाण्यापेक्षा दोन माणसांनी इकडे येणं स्वस्त पडतं, हा हिशोब शिलाईवालीला जमतो तर मंत्रालयात का जमू नये?

येत्या मंगळवारी एका मुलीला घेऊन चाललेय, पहाटे साडेपाचची गाडी, तिची ही चौथी खेप. तिची आई विचारत होती, या वेळी तरी डॉक्टर असतील ना?

आपली,
एक आई