बाबा, हेल्मेट ओढायचं नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रहिमतपूर रस्त्यावर पडलेल्या पोराचं तुम्ही काल फोनवर सांगितलंत, ते डोक्यातून जात नाही. उसाच्या ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नाही, त्यात अंधार. बाकीच्या गाड्या निघून गेल्या, तुम्ही थांबलात. फार बरं वाटलं. पण तुम्ही त्याचं हेल्मेट ओढून काढलंत आणि पाणी पाजलंत, म्हणून हे पत्र.

मानेत सात मणके असतात. एखादा मोडला तरी आतला मज्जारज्जू शाबूत असू शकतो. हेल्मेट हिसडलं की मणका सरकतो, मज्जारज्जू चेपतो आणि हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. आमच्या वॉर्डात पेशंट हेल्मेटसकट आला तरी आम्हाला चालतं. घाईनं काढलेलं असलं की धास्ती वाटते. पाणीही नको, ते श्वासनलिकेत जातं.

आधी १०८ ला फोन. मग त्याच्याशी बोला, 'मान हलवू नको' म्हणा. श्वास नीट चालू असेल तर फक्त काच वर करा, डोकं दोन्ही बाजूंनी धरून ठेवा आणि गाडी येईपर्यंत तसेच बसा.

श्वास बंद असेल, किंवा तोंडात उलटी-रक्त साचून तो गुदमरत असेल, तरच हेल्मेट काढायचं, आणि तेही दोघांनी. एकानं डोक्याशी बसून हेल्मेट घट्ट धरायचं. दुसऱ्यानं चष्मा काढायचा, पट्टा सोडायचा किंवा कापायचा, मग एक हात जबड्याला आणि दुसरा मानेखालून डोक्याच्या मागच्या बाजूला लावायचा. आता डोक्याचा भार याच्याच हातात. पहिल्यानं हेल्मेटच्या दोन्ही कडा फाकवून ते हळूहळू ओढायचं, नाकाला अडलं तर किंचित मागं कलवून. शेवटी डोकं धपकन खाली पडतं, म्हणून मागचा हात वर सरकवत न्यायचा. मी आले की उशीवर करून दाखवते.

आई, 'पोलिसांच्या लफड्यात कशाला पडता' असं त्यांना म्हणू नकोस गं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, नावही सांगावं लागत नाही.

आता तुमच्या दोघांचं. बाबा, तुमचा पट्टा नुसता लोंबत असतो. पडताना डोक्याआधी हेल्मेटच उडून जातं. आणि गेल्या वर्षी गाडी घसरली तेव्हाचं ते हेल्मेट अजून वापरताय. त्याच्या आतला थर्मोकोल मार सोसताना एकदाच चेपतो, पुन्हा फुगत नाही. वरून चांगलं दिसलं तरी ते टाकून द्या.

आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेटं घेतलीत, शनिवारी कोरेगावला येताना आणते. आई, अंबाड्यावर ते बसणार नाही, त्या दिवशी वेणी घाल.

तुमची लेक